लिफ्ट खाली, किल्ली खिशात

इंजिन बंद असताना ट्रॅक्टरची लिफ्ट वर जात नाही. खाली मात्र येते. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानात भाड्याने नांगरट, रोटर आणि वाहतूक करणारा एक चालक हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला ही गोष्ट पहिल्याच दिवशी करून दाखवतो. पलटी नांगर पूर्ण वर घ्यायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात टाकायची. सगळं शांत झालं की पोराला सांगायचं, ‘आता तो दांडा खाली कर.’ बंद गाडीचा दांडा दाबून काय होणार, अशा समजुतीत पोरगा तो ढकलतो आणि साडेतीन-चारशे किलोचं लोखंड फाळांसकट जमिनीत रुततं.

मग चालक एवढंच विचारतो, ‘ह्याच्या खाली तू ग्रीस भरत असतास तर?’

या चालकाची सुरुवातही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरच झाली. आता स्वतःचा पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर आहे, त्यावर बँकेचा हप्ता आहे, दोन फाळी हायड्रॉलिक पलटी आहे, सहा फुटी रोटर आहे आणि जॅकवर उचलणारी ट्रॉली आहे. उसाच्या पट्ट्यात अशा माणसाला वर्षभर उसंत नसते. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागणीच्या सऱ्या, पुढे पूर्वहंगामी, कारखान्यांची धुराडी पेटली की वाहतूक, तोड झालेल्या रानात पाचट बारीक करायला रोटर, आणि उन्हाळ्यात खोडवा मोडून खोल नांगरट. कामं एकराच्या दराने चालतात आणि सगळ्यांनाच घाई असते. वाफसा दोन दिवसांचा, मागणी दहा जणांची. अशा गडबडीत ट्रॅक्टर चालवायला सगळेच शिकतात. तो थांबवायचा कसा, हे बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं.

बैलाच्या औतात हा प्रश्न फारसा नव्हता. औत सोडलं की नांगर तासात आडवा पडायचा, बैल दावणीला जायचे. कामाची वेळ संपल्यावर वजन कुठे टांगून राहत नव्हतं. अवजार यंत्राने उचलून धरायची सोय आली ती गेल्या शतकात, हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडच्या माणसामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टरमागे साखळीने ओढलेला नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडलं, दोन हात खाली आणि एक दांडी वर, आणि ते तेलाच्या दाबाने उचललं. १९२६ मध्ये त्याला या रचनेचं पेटंट मिळालं, १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आली, १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. आपल्याकडे ज्याला नुसतं ‘मॅसी’ म्हणतात त्या ट्रॅक्टरच्या नावात तो माणूस अजून आहे. त्याच्या तीन बिंदूंच्या जोडणीने ट्रॅक्टर उलटण्याचा धोका मोठ्या प्रमाणात कमी केला. पण त्याच वेळी शेतात एक नवी गोष्ट आली: काम थांबल्यावरही हवेत राहू शकणारं जड अवजार.

ते हवेत राहतं कशावर, हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. इंजिन चालू असतं तेव्हा पंप तेल ढकलतो, तेल सिलेंडरमधल्या पिस्टनला रेटतं, पिस्टन लिफ्टचे हात उचलतो. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पण आत गेलेलं तेल व्हॉल्व्हमागे कोंडून राहतं. अवजार पेलून धरलेलं असतं ते त्या वाटीभर तेलाने. दांडा खाली केला की व्हॉल्व्ह उघडतो, अवजाराच्याच वजनाने तेल परत टाकीत जातं; त्याला ना पंप लागतो ना इंजिन. आणि दांडा कोणी हलवला नाही तरी सील झिजलेली असली की तेल थेंबाथेंबाने मागे सरकतं. रात्री वर ठेवलेला रोटर सकाळी जमिनीवर बसलेला दिसतो, तो यामुळे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब साधारण दीडशे ते दोनशे किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर युरियाची चार पोती ठेवली तर जेवढा भार येईल, तेवढा.

म्हणून या चालकाचा ट्रॅक्टर बंद करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो कितीही उशीर झाला तरी बदलत नाही.

आधी जागा. बांधाच्या उतारावर नाही, ओल्या पाटाच्या कडेला नाही, सपाट आणि टणक जमिनीवर. शेतात वळताना सोयीचं पडावं म्हणून डावा आणि उजवा ब्रेक वेगळे सोडलेले असतात. त्यांना जोडणारी पट्टी तो आधी बसवतो. ती न बसवता ब्रेक अडकवला तर एकच चाक धरलं जातं, हे कित्येक जुन्या चालकांनाही सांगावं लागतं. मग पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट, बंद. मग लिफ्ट पूर्ण खाली, अवजाराचं सगळं वजन जमिनीवर. गिअर न्यूट्रल, रेस कमी, आणि इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच हळू चालू. ती दोन-तीन मिनिटं पोरांना डिझेलची नासाडी वाटते. पण टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोचा आस मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतो आणि त्याला थंड ठेवणारं तेल इंजिनच पुरवतं. भर लोडवरून एकदम बंद केलं तर तापलेला आस तेलाविना फिरत राहतो. टर्बोच्या दुरुस्तीचं बिल आणि दोन मिनिटांचं डिझेल यांचा हिशेब तो पोरांना बोटांवर करून दाखवतो.

त्यानंतर बंद करणं. मोटरसायकलवरून थेट ट्रॅक्टरवर आलेल्या पोराला वाटतं, किल्ली फिरवली की झालं. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरला किल्लीचा आणि इंजिनाच्या चालण्याचा संबंध नसतो. स्टॉपची दांडी ओढून डिझेल तोडावं लागतं, आणि दांडी ओढून किल्ली तशीच ठेवली तर बॅटरी उतरते. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-४ निकष लागू झाले आणि त्यांच्याबरोबर कॉमन रेल इंजिनं गावात आली. ती किल्लीनेच बंद होतात. दोन्ही तऱ्हेचे ट्रॅक्टर एकाच वाड्यात उभे असले की गोंधळ होतो. त्यामुळे या चालकाचा नियम सोपा आहे: आवाज थांबला की किल्ली काढायची आणि ती डॅशबोर्डवर, सीटखाली, टूलबॉक्समध्ये कुठेही न ठेवता खिशात टाकायची.

इथे बहुतेकांचं काम संपतं. त्याचं अजून थोडं बाकी असतं. पलटी नांगराला तेल नेणाऱ्या दोन पाइपांसाठी वेगळा व्हॉल्व्ह आणि त्याचा वेगळा दांडा असतो. इंजिन बंद झाल्यावर तो हा दांडा दोन-तीनदा पुढे-मागे करतो. पाइपात अडकलेला दाब टाकीत निघून जातो. मग ब्रेक अडकवलेला आहे ना ते पायाने दाबून बघतो, आणि जागा थोडीही कलती वाटली तर मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावतो. नाइलाजाने उतारावर थांबावं लागलंच तर चढाकडे तोंड असताना पहिला गिअर, उताराकडे तोंड असताना रिव्हर्स टाकून ठेवतो. ठोकळा तरीही लावतोच.

पाइपातला दाब काढण्याचं महत्त्व उन्हाळ्यात कळतं. दाब न काढता पाइपाच्या टोकाचा जोड, म्हणजे कपलर, सोडवला, पाइप तसाच नांगरावर टाकून दिला आणि नांगर चैत्राच्या उन्हात पडून राहिला, की बंद पाइपातलं तेल तापून फुगतं. चार दिवसांनी तो कपलर ट्रॅक्टरला जोडायला गेलं की बसत नाही. एकदा शेजारच्या गावातल्या एका जोडीने अशा वेळी जे केलं ते या चालकाने समोर उभं राहून पाहिलं आणि थांबवलंही. एकाने कपलर चिंध्यांत धरला, दुसऱ्याने कपलरच्या तोंडातली गोळी आत दाबायला स्क्रूड्रायव्हर लावला आणि वर हातोडी उगारली. गोळी आत गेली असती तर तेल नेमकं धरणाऱ्याच्या तळहाताकडे उडालं असतं. चालकाने हातोडी काढून घेतली, नांगर सावलीत ओढायला लावला, सिलेंडरच्या टोकाचा नट चिंधी टाकून अर्धा आटा सैल करून तेल ओघळू दिलं. नंतर कपलर हाताने बसला.

उडणाऱ्या तेलाची भीती कपडे खराब होण्याची नसते. कातडी भेदायला साधारण सात किलोचा दाब पुरतो. हायड्रॉलिकमध्ये त्याच्या पंचवीसपट असतो. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असेल तर त्यातून निघणारी धार दिसतही नाही, आणि ‘कुठनं गळतंय बघू’ म्हणून हात फिरवला तर तेल कातडीतून आत जातं. जखम काटा रुतल्यासारखी बारीक, सुरुवातीला दुखतंही कमी. म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो, आतलं मांस मरायला लागतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमावायची वेळ येते. डिझेल इंजिनाच्या नोझलमधून उडालेल्या तेलाने अशी जखम झाल्याची नोंद अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात १९३७ सालीच आलेली आहे. उपाय एकच: लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘काटा लागला’ असं न म्हणता ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा. या चालकाच्या टूलबॉक्समध्ये खोक्याचा एक तेलकट पुठ्ठा कायम असतो.

रोटरची गोष्ट वेगळी, कारण रोटरला हात घालावाच लागतो. उसाच्या पट्ट्यात ठिबक वाढलं आणि रोटरला नवा शत्रू मिळाला. रान मोकळं करताना गोळा करायची राहिलेली ठिबकची एखादी नळी पात्यांत सापडते आणि क्षणात आसाभोवती आवळून बसते. सहा फुटी रोटरला चाळीसेक वाकडी पाती असतात. त्यांच्या खाचांतून ती काळी नळी, पाचट आणि चिखल यांचा असा गोळा होतो की कोयत्याशिवाय निघत नाही. रोटर जमिनीवर टेकलेला असेल तर खालून हात जात नाही, आणि वर उचलून ठेवला तर खाली जाणाऱ्याच्या डोक्यावर साडेचारशे किलो वजन.

मधला मार्ग लाकडाचा आहे. रोटर वर घ्यायचा, पीटीओ बंद करून आस पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची, दोन्ही टोकांना बाभळीचे जाड ओंडके बाहेरून पायाने सरकवायचे आणि रोटर त्या ओंडक्यांवर उतरवायचा. दांडा पूर्ण खाली. वजन तेलावर नको, लाकडावर हवं. मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि त्यानंतर कोयता. नळी कापायला बसतो तो पोरगा नव्हे, ज्याच्या खिशात किल्ली आहे तो. विटा, बेले किंवा चिऱ्याचे तुकडे या कामाला तो वापरू देत नाही. भाराखाली ते एकदम फुटतात, लाकूड आधी करकरतं.

पीटीओ बंद करूनही थांबायचं का, असं प्रत्येक पोरगा विचारतो. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. मधला शाफ्ट सात सेंटिमीटर जाड धरला तर तो सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. गळ्यातल्या टॉवेलची लांबी त्याहून कमी असते. पीटीओ तोडल्यावरही रोटरचा जड आस आपल्या वेगाने काही क्षण फिरत राहतो, आणि दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर कोणी क्लच अर्धाच दाबून थांबला असेल तर चाकं थांबतात पण पीटीओ चालूच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला गाडी थांबलेली दिसते. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर पहिल्याच हंगामात फुटतं आणि पुन्हा कोणी बसवत नाही. ग्रीस भरताना मधे येतं, ही नेहमीची तक्रार. या चालकाने कव्हर नव्याने घेतलं तेव्हा दुकानदारालाच आश्चर्य वाटलं, कारण ते मागायला फारसं कोणी येतच नाही.

ट्रॉलीचा जॅक या सगळ्यात सर्वांत फसवा. वाळू, शेणखत, मुरूम ओतून झाल्यावर रिकामी फळी हळूहळू खाली येते, कारण तिला खाली ढकलणारं वजन उरलेलं नसतं. कंटाळून काही जण फळी अर्धी वर असतानाच गाडी हलवतात, आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे लक्ष जात नाही. जॅकचा पाइप गळू लागला की तर भलतंच धाडस होतं: फळी वर, माणूस चासी आणि फळीच्या मधे, हातात पाना. पाइपाचा नट सुटला की फळीला अडवणारं काही उरत नाही. ट्रॉली बनवणारे गावोगावचे कारखानदार फळीखाली लावायचा टेकू देतात किंवा मागितला तर वेल्ड करून देतात. या चालकाने तो मागून घेतला. टेकू लागल्याशिवाय आणि दांडा खाली करून फळी त्या टेकूवर बसल्याशिवाय खाली कोणी जायचं नाही, हा त्याच्या वाड्यातला कायदा आहे.

हे सगळं इतकं सरळ असताना पाळलं का जात नाही? याचं उत्तर चालकांच्या बेफिकिरीत शोधलं जातं आणि ते चुकीच्या ठिकाणी शोधलं जातं. उतारावर उभे केलेले ट्रॅक्टर बघा. त्यातल्या बहुतेकांची बॅटरी मेलेली असते. सेल्फ मारायला जोर नाही, म्हणून सकाळी ढकलून चालू करता यावा यासाठी ट्रॅक्टर मुद्दाम उतारावर लावला जातो. दुपारी जेवताना इंजिन चालू ठेवतात तेही त्यासाठीच. बंद केलं तर पुन्हा चालू होण्याची खात्री नाही. रोटरमधली नळी चालू इंजिनावर कापली जाते त्यामागेही अनेकदा तीच बॅटरी असते. काही हजारांची बॅटरी दोन हंगाम पुढे ढकलली जाते आणि तिच्या जागी माणूस जोखीम भरतो.

दुसरं कारण दराचं. नांगरट एकरी, रोटर एकरी, वाहतूक खेपेला. ओंडके लावायला, आस थांबायची वाट बघायला, टर्बो थंड करायला जो वेळ जातो त्याचा दर कोणी ठरवलेला नाही. पगारी चालकाला मालक विचारतो, ‘आज किती एकर झाले?’ ‘कसा लावलास ट्रॅक्टर?’ असं कोणी विचारत नाही.

आणि अपघात झालाच तर हिशेब पुन्हा त्या पगारी चालकाच्या विरोधात जातो. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात, पण ते सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या घरातल्या एका माणसाच्या बाबतीत. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसणारा भूमिहीन चालक त्या चौकटीबाहेर राहतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टरने शेतीकाम करणाऱ्या नोकराचा उल्लेख आलेला होता, म्हणजे जबाबदारी मालकाची हे तत्त्व जुनंच. पण गावात नोकरी तोंडी असते, पगार रोख असतो, आणि कोण कुणाकडे कामाला होतं हे सिद्ध करायला कागद नसतो.

वाड्यातल्या लहान मुलांचा मुद्दा हा चालक वेगळाच मांडतो. संध्याकाळी ट्रॅक्टर दारात लागला की पाच-सहा वर्षांचं पोर सीटवर चढून स्टिअरिंग फिरवणारच. त्याला कितीही दटावलं तरी ते चढणार, आणि त्याच्या हाताला सगळ्यांत आधी लागतात ते सीटशेजारचे लिफ्टचे दांडे. त्या वेळी मागे, अवजाराखाली, त्याचं भावंड किंवा घरचं कुत्रं असू शकतं. ‘पोराला आवरण्यापेक्षा लिफ्ट खाली ठेवणं सोपं,’ असं तो म्हणतो. रोटर टेकवलेला, दाब काढलेला आणि किल्ली खिशात असेल तर पोरगं दिवसभर त्या सीटवर बसलं तरी दांडे हलवून काही पडत नाही.

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला जातो, झेंडूची माळ घातली जाते, नारळ फुटतो. त्याच सुमाराला पुढच्या हंगामाची तयारी सुरू होते, तेव्हा मालकांनी चार गोष्टी करून घ्याव्यात. बॅटरी तपासावी आणि मेली असेल तर बदलावी. बाभळीचे दोन ओंडके आणि चाकाचे दोन ठोकळे ट्रॅक्टरबरोबर कायम ठेवावेत. पीटीओच्या शाफ्टचं कव्हर आणि ट्रॉलीचा टेकू नसेल तर बसवून घ्यावा. आणि चालकाचा दिवस मोजताना ट्रॅक्टर लावायची शेवटची दहा मिनिटं कामात धरावीत, त्याचे पैसे द्यावेत.